प्रोफेसर रामटेक्यांची राहून गेलेली टोपी

यशवंतराव रामटेके जाऊन दोन आठवडे होत आले होते आणि एवढ्या दिवसांत त्यांच्याबद्दल कोणी एकही वाईट शब्द काढला नव्हता. वसुधाबाईंना त्याचीच काळजी लागून राहिली होती.

सकाळी चहाचं आधण ठेवलं की फोन सुरू व्हायचे. नागपूरहून, भंडाऱ्याहून, जर्मनीतल्या येनाहून, कुठून कुठून. जो तो सांगायचा की सर म्हणजे देवमाणूस. एकाने तर ऋषितुल्य म्हटलं. जर्मन ओळखीच्यांची काळ्या किनारीची कार्डं आली होती. त्यांत शांत, संयमी, आदरणीय अशी एकाहून एक गुणी विशेषणं होती. वसुधाबाई चष्मा लावून ती वाचायच्या आणि पाकीट उलटून पत्ता तपासायच्या. पोस्टमनची चूक झाली असेल, शेजारच्या घरचं कार्ड आपल्याकडे आलं असेल, असं त्यांना खरंच वाटायचं. त्यांची सासू कमलाबाई म्हणायची, मेल्या म्हशीला मणभर दूध. इथे तर दुधाचा पूर लोटला होता आणि म्हैस काही ओळखू येत नव्हती.

कारण ज्या माणसाबरोबर त्यांनी पन्नास वर्षं संसार केला तो शांत नव्हता आणि संयमी तर मुळीच नव्हता. तो एक नंबरचा खोडकर होता.

भंडाऱ्याजवळच्या गावातून नागपूरला, तिथून शिष्यवृत्तीवर जर्मनीत, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात डॉक्टरेट, आणि मग कायमचे डार्मश्टाटला, असा यशवंतरावांचा प्रवास. विषय घर्षणाचा. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की काय होतं आणि ते होऊ नये म्हणून मध्ये कोणतं तेल घालावं, हे त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं. यंत्रांच्या बाबतीत ते तेल घालून घर्षण कमी करायचे. माणसांच्या बाबतीत ते तेल आगीत ओतायचे आणि बाजूला उभं राहून साळसूदपणे बघायचे.

डार्मश्टाटला शिकायला येणारं महाराष्ट्रातलं निम्मं पोर आधी त्यांच्या दारात यायचं. त्याला गादी मिळायची, जेवण मिळायचं, सर स्वतः बरोबर जाऊन आनमेल्डुंग करून द्यायचे, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद. भाच्यापुतण्यांची लग्नं त्यांनी जमवली, बाळांची नावं ठेवली, भांडणं मिटवली. पण आलेला प्रत्येकजण पहिल्या महिन्यात एकदा तरी त्यांच्या तावडीत सापडायचा. पुण्याचा पुष्कर आला तेव्हा सरांनी त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "इथे हिंगाची फोडणी देण्याआधी शेजाऱ्याला कळवावं लागतं. नियम आहे." या देशात बाटल्या फेकायचीसुद्धा वेळ ठरलेली असते हे पुष्करने दोनच दिवसांत पाहिलं होतं, त्यामुळे त्याला शंका आली नाही. तो शेजारच्या म्हाताऱ्याचं दार वाजवून रीतसर सांगून आला. म्हाताऱ्याला ही पद्धत फारच आवडली. पुढची दोन वर्षं पुष्कर वरणाला फोडणी देण्याआधी शेजारी जाऊन वर्दी द्यायचा, आणि कधी विसरला तर म्हातारा जिन्यात उभा राहून विचारायचा की आज काही झालं का.

आणि टोप्या. टोप्यांचं सांगितल्याशिवाय यशवंतराव सांगून होत नाहीत.

जर्मनीत डॉक्टरेट मिळाली की एक गंमत करतात. तोंडी परीक्षा देऊन उमेदवार घामाघूम होऊन बाहेर आला की त्याचे सोबती स्वतःच्या हाताने बनवलेली एक टोपी त्याच्या डोक्यावर चढवतात. काळ्या पुठ्ठ्याची, वर चौकोनी फळी, आणि त्या फळीवर तारेने, गोंदाने, दोऱ्याने अडकवलेल्या वस्तू. त्या वस्तूंत त्या माणसाची चार-पाच वर्षांची सगळी फजिती असते. रीत अशी की टोपी सोबत्यांनी करायची. प्रोफेसरांनी त्यात पडायचं नाही, लांबून टाळ्या वाजवायच्या.

रामटेके सर लांबून टाळ्या वाजवायचे. टोपी आदल्या रात्रीपर्यंत त्यांच्याच स्वयंपाकघरात असायची. पोरांना बोलावून ते पुठ्ठे कापायला बसवायचे, कोणाची कुठली खोडी टोपीवर घ्यायची याची मसलत चालायची आणि वसुधाबाई गहू चाळता चाळता गोंद कालवून द्यायच्या. राजस नावाच्या एका हुशार मुलाने तेल घालायला विसरून यंत्र शनिवार-रविवार चालू ठेवलं होतं आणि सोमवारी बेअरिंगचा कोळसा झाला होता. ते जळकं बेअरिंग सरांनी दोन वर्षं जपून ठेवलं आणि त्याच्या टोपीवर बसवलं. एवढं जड की राजसची मान एका बाजूला कलली आणि सगळे फोटो तसेच आले. आज राजस मोठ्या हुद्द्यावर आहे आणि ती टोपी त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. आल्यागेल्याला तोच ती गोष्ट सांगतो. सर म्हणायचे, टोपीवर एक तरी वस्तू अशी हवी की ती बघून माणसाने आधी तोंड लपवावं आणि मग गावभर दाखवत फिरावं.

सरांची स्वतःची टोपी मात्र कधी झालीच नाही. उत्तरेकडच्या त्या विद्यापीठात त्यांची परीक्षा झाली तेव्हा सगळ्यांनी हात मिळवले, फुलं दिली, सेक्टचा, म्हणजे फेसाळ वाइनचा, एकेक पेला घेतला, 'हेर डॉक्टर' म्हणून मान झुकवली आणि लवकर घरी गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा पास झाला. त्याला भली मोठी टोपी घालून, हातगाडीत बसवून, घंटा वाजवत गावातून फिरवलं. गाडी ओढणाऱ्यांत यशवंतराव होते. घरी येऊन त्यांनी हे हसत हसत सांगितलं, पण सांगताना ते एकच बूट कितीतरी वेळ पुसत होते. वसुधाबाईंचं तेव्हा नुकतंच लग्न होऊन इथे येणं झालं होतं. त्यांनी विचारलं, "तुमची का नाही केली?" तर ते म्हणाले, "भीती वाटली त्यांना मला हसायची. गावात लोक लांब ठेवायचे ते एका कारणाने. इथे आदराने ठेवलं. अंतर तेवढंच."

हे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. वसुधाबाई विसरल्या नाहीत. आणि आता जो तो फोनवरून त्या माणसाला आदराने लांब ढकलत होता. तेव्हा त्यांनी ठरवलं की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला यांची टोपी झालीच पाहिजे. लोक हसले पाहिजेत. नाहीतर ज्याला निरोप देतील तो कोणी तिसराच असेल आणि आपला नवरा पाहुण्यासारखा आला तसा पाहुण्यासारखा जाईल.

यात पहिली धोंड होती पोटचा मुलगा. अनुप गेर्लिंगेनला एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत होता. तिथे म्हणे स्क्रूलासुद्धा नंबर असतो. तो गाडीने आला तोच कार्यक्रमाचा छापील आब्लाऊफ, म्हणजे क्रमपत्रिका, घेऊन.

"आल्झो, आई, असं आहे," तो म्हणाला. "आधी त्रिशरण, पंचशील. मग सहा जण बोलतील, ईच पाच मिनिट्स. मग बासरी. मग जेवण."

"आणि हे कधी येणार?"

"कोण?"

"तुझे बाबा."

अनुपने कागद खाली ठेवला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू नीट झोपतेस ना?"

"मी उत्तम झोपते. या सहा जणांत तुझे बाबा कुठे दिसत नाहीत, म्हणून विचारलं. हा पहिला बोलणार की ते दोन संस्कृतींमधला पूल होते. तुझ्या बाबांना पूल म्हटलेलं आवडायचं नाही, माहीत आहे ना? म्हणायचे, मी पलीकडे जायला निघालेला माणूस आहे, माझ्यावरून कशाला चालता."

मग त्यांनी टोपीचं काढलं. अनुपचा चेहरा बंद दुकानासारखा झाला.

"नाइन. आई, प्लीज. हा ट्राउअरफायर आहे, शोकसभा, फाशिंगचा धुडगूस नाही. फाकुल्टेटचे लोक येणार आहेत. टोपीबिपी काही नाही."

अनुपची मुलगी मैत्री सोफ्यावर होती. ती फोनमधून डोकं न काढता जर्मनमध्ये म्हणाली की आजोबांना टोपीच जास्त आवडली असती. तिला मराठी सगळं कळायचं, फक्त तिच्या तोंडून ते बाहेर येत नसे. अनुपने तिला गप्प केलं आणि विषय संपवला. म्हणजे त्याच्यापुरता संपवला.

वसुधाबाईंनी वरच्या खोलीत राहणाऱ्या ईप्सिताला गाठलं. ती नाशिकची, इथे डॉक्टरेट करत होती आणि सरांच्या शेवटच्या वर्षांत रोज संध्याकाळी त्यांच्याकडून पत्त्यांत हरत होती. ईप्सिताने जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि वसुधाबाईंनी त्यावर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला: "सरांची डॉक्टरहूट, म्हणजे डॉक्टरेटची टोपी, करायची आहे. ज्याने त्याने सरांची एकेक खोडी आठवा आणि तिची वस्तू घेऊन या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जेवायलाच या. अनुपला बोलायचं नाही."

उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. रांगच लागली. वसुधाबाईंना तिथेच ओळखायला हवं होतं.

आदल्या दिवशी सगळे आले, 'जय भीम काकू', 'नमस्कार काकू' झालं, डोळे पुसून झाले आणि टेबलावर वस्तू मांडल्या गेल्या. पुष्करने पितळेची चिमुकली समई आणली होती, ज्ञानाचा प्रकाश म्हणून. अरुंधतीने पृथ्वीचा गोल आणला होता, सरांची विद्वत्ता जगभर पसरली म्हणून. राजसने कंपनीच्या मशीनवर छापून घेतलेला वडाचा वृक्ष आणला होता, पारंब्यांसकट. कोणी चंदनाचा हार, कोणी सोनेरी पेन.

वसुधाबाई टेबलाकडे बघत राहिल्या. "ही टोपी आहे की सत्काराचं ताट? नारळ तेवढा राहिला."

पुष्करने ओशाळून पिशवीतून नारळ काढला.

"अरे, तुमच्या स्वतःच्या टोप्यांवर काय काय लावलं होतं त्यांनी आठवतंय ना? राजस, तुझी मान आठवते ना?"

"आठवते की काकू," राजस म्हणाला. "पण ते आमचं होतं. सरांचं कसं करणार? हात जात नाही हो."

"पुष्कर, तू फोडणीचं सांग उद्या."

"सांगणारच आहे काकू," पुष्कर म्हणाला. त्याचं भाषण तयार होतं. "शेजाऱ्याशी संवाद कसा साधावा, हे सरांनी मला किती सहज शिकवलं. माझं सगळं इंटिग्रेशन त्यातून झालं. गेनाऊ तेच मांडणार आहे मी."

वसुधाबाईंनी कपाळाला हात लावला. साध्या सरळ लबाडीचं या मुलाने शिक्षणशास्त्र करून टाकलं होतं. आपल्या लोकांची हीच तऱ्हा. जिवंतपणी मास्तरांच्या टेबलात बेडूक ठेवतील, पण गेल्यावर शाल पांघरल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आणि जर्मनही त्यात मागे नाहीत, गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं ही त्यांचीही रीत. एरवी कशावर म्हणून न जमणाऱ्या दोन देशांचं नेमकं यशवंतरावांना गुळगुळीत करण्यावर एकमत व्हावं, याचा वसुधाबाईंना मनस्वी राग आला.

पोरं गेल्यावर त्या एकट्याच पुठ्ठा घेऊन बसल्या. फळी कापली, पट्टी चिकटवली. वड, समई, गोल एका टोपलीत ठेवून दिले. मग आतल्या कपाटातून यशवंतरावांचं कानातलं यंत्र काढून आणलं आणि ते तारेने फळीच्या ऐन मध्यावर बसवलं. साठीनंतर त्यांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा ते यंत्र आलं होतं. सगळ्यांना वाटायचं की बिचाऱ्यांना त्याचा त्रास होत असेल. त्रास कसला, त्यांना ते लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. कंटाळवाणा पाहुणा आला, कोणी लांबण लावली, की कान खाजवल्यासारखं करून ते बटण बंद करायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून मन लावून मान हलवायचे. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, बाहेर कोणालाच नाही. टोपीवर एकच वस्तू झाली. पण एकट्या बायकोने केलेली टोपी ही टोपी नव्हे, हे त्यांना कळत होतं. बायको तर जन्मभर हसलेलीच होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अनुप पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होता. टेबलाखालच्या पिशवीतून टोपीचा कोपरा डोकावत होता. त्याने तो पाहिला आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"आई, लोक बाबांना हसलेले मी पाहिलेत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू विसरलीस. कंदिलाची मिरवणूक."

वसुधाबाई विसरल्या नव्हत्या. अनुप बालवाडीत होता. नोव्हेंबरात पोरं कागदाचे इवले दिवे काठीला लावून गाणी म्हणत जातात, त्यासाठी घरून दिवा आणायचा होता. यशवंतरावांनी चौदा एप्रिलला वस्तीत लागतो तसा निळ्या कागदाचा कंदील केला, अनुपच्याहून उंच, खाली लांब झिरमिळ्या. तो धरायला बाप आणि आणखी एक माणूस लागला. वाटेत तो एका झाडात अडकला आणि मिरवणूक थांबली.

"सगळे हसत होते," अनुप म्हणाला. "मी रडत होतो आणि बाबा पण त्यांच्याबरोबर हसत होते. मला ते परत नाही बघायचं. आज तरी नाही."

वसुधाबाई खुर्ची ओढून बसल्या. "पुढच्या वर्षी तू ताप आल्याचं सोंग करून घरी राहिलास. म्हणून तुला पुढचं माहीत नाही. त्या वर्षी चार मुलांचे बाप आपल्या घरी कंदील शिकायला आले होते, बांबूच्या काड्या घेऊन. झाडात अडकलेला कंदील काढायला जे शिडी घेऊन धावले होते तेच. कंदील अडकण्याआधी ते तुझ्या बाबांना नुसता नमस्कार करायचे." मग त्यांनी त्याला उत्तरेकडची गोष्ट सांगितली. हातगाडीची. आणि बुटाची. पन्नास वर्षांत त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती.

अनुपने इस्त्री पुन्हा उचलून सदऱ्यावरून फिरवली. मग म्हणाला, "टोपी पिशवीतच राहू दे."

"राहील," वसुधाबाई म्हणाल्या. असा साळसूद चेहरा कसा करायचा हे त्या घरातल्या उत्तम शिक्षकाकडून शिकल्या होत्या.

हॉल भरला. आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत, जर्मन माणसं काळ्या, कोणी कोणाला आधी विचारलेलं नसल्यामुळे एकंदर बुद्धिबळाचा पट दिसत होता. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी यशवंतरावांचा. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. मग भाषणं. पहिल्याने पूल बांधला. दुसऱ्याने वटवृक्ष लावला. पुष्करने फोडणीचं शिक्षणशास्त्र मांडलं. वसुधाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि फोटोतल्या नवऱ्याकडे बघून मनात म्हणत होत्या, माफ करा हो, मी प्रयत्न केला.

चौथे उठले डॉक्टर लिंडनर, इन्स्टिट्यूटचे आत्ताचे प्रमुख. माणूस मोठा सज्जन, पण त्यांच्या बैठका जेवणाची वेळ उलटून जाईपर्यंत चालतात अशी ख्याती होती.

"आजकाल कोणी कोणाचं ऐकत नाही," लिंडनर म्हणाले. "माझ्या बैठकांत लोक फोन बघतात, खिडकीबाहेर बघतात. निवृत्तीनंतरही प्रोफेसर रामटेके यायचे. ते माझ्याकडे बघायचे. शेवटपर्यंत. प्रत्येक वाक्याला मान हलवायचे. इतकं मनापासून ऐकणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही."

वसुधाबाईंनी ओठ चावला. पदर तोंडावर घेतला. तरी खांदे हलायला लागले. अनुपने बघितलं, आईला रडू फुटलं असं समजून त्याने तिचा हात धरला, आणि मग त्याला पदराआडचा चेहरा दिसला. त्याने घाईघाईने समोर बघितलं. लिंडनर डोळे पुसत होते. अनुपचेही खांदे हलायला लागले. मायलेक आवेगाने रडताहेत असं वाटून मागच्या रांगेतून कागदी रुमालांची पाकिटं पुढे सरकू लागली.

पुढचं भाषण अनुपचं होतं. तो माइकपाशी गेला, घडी घातलेला कागद उघडला आणि तसाच उभा राहिला. मग कागद खिशात घातला, आईजवळ आला आणि हात पुढे केला. वसुधाबाईंनी पिशवी दिली.

"हेर डॉक्टर लिंडनर," अनुप जर्मनमध्ये म्हणाला आणि टोपी वर धरली, "हे बाबांचं कानातलं यंत्र. याला बटण आहे. तुमची बैठक सुरू झाली की बाबा ते बंद करायचे."

कागदी रुमालांची पाकिटं वाटेतच थांबली. अनुपचा चेहरा पांढराफटक पडला. लिंडनर टोपीकडे बघत होते, जणू हिशेब जुळत नव्हता.

"प्रत्येक बैठकीत?" त्यांनी विचारलं.

"हो. पण फक्त तुमच्याच नाही. सगळ्यांच्या."

"नव्या प्रयोगशाळेच्या वेळी सगळे विरोधात होते," लिंडनर सावकाश म्हणाले. "एकटे रामटेके तासभर मान हलवत होते. त्यांच्याकडे बघून बाकीचे हो म्हणाले. ती प्रयोगशाळा उभी आहे." आणि मग तो सज्जन माणूस जो हसायला लागला तो थांबेना. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. हसू पहिल्या रांगेतून दुसरीत गेलं, काळ्यातून पांढऱ्यात गेलं. पुष्कर उठून ओरडला की मी मघाशी खोटं बोललो, सरांनी मला दोन वर्षं चक्क गाढव बनवलं. राजस म्हणाला, टोपी इकडे द्या, आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यावर अडकवलं, कारण सर त्याचं घड्याळ दर परीक्षेआधी गुपचूप पुढे करून ठेवायचे. ईप्सिताने पर्समधून बदामाचा एक्का काढला. तो सरांच्या चष्म्याच्या घरात सापडला होता आणि तिला तो कोणाला दाखवायची लाज वाटली होती. कोणी साखरेची पुडी लावली, कोणी तुटका पेन्सिलीचा तुकडा. अनुपने स्वतः झाडात अडकलेल्या कंदिलाची गोष्ट सांगितली आणि सांगताना तो हसला आणि रडला, दोन्ही. बासरीवाला तसाच बसून राहिला, त्याला कोणी वाजव म्हटलं नाही. शेवटी टोपी फोटोच्या चौकटीवर चढवली तेव्हा ती वस्तूंनी इतकी जड झाली होती की फोटो कलला.

जेवणाला भाकरी, झुणका, वरण-भात, आणि जर्मन मंडळींनी आणलेला केक होता. झुणका वसुधाबाईंनी स्वतःच्या हाताने केला होता. त्या ताट घेऊन फिरत असताना फ्राऊ व्हेन्त्सेल त्यांच्याजवळ आल्या. या यशवंतरावांच्या जुन्या सेक्रेटरी, आता काठी घेऊन चालणाऱ्या. मघाच्या गोंधळात त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

"फ्राऊ रामटेके," त्या हळू म्हणाल्या, "मलाही टोपीवर एक वस्तू लावायची होती. पण धीर झाला नाही. ते तुमच्याबद्दल होतं."

"माझ्याबद्दल?"

"त्यांचा दुपारचा डबा. तो मी खायचे."

वसुधाबाईंना वाटलं आपल्या जर्मनमध्ये काहीतरी चुकतंय. परदेशात राहून नवऱ्याने नोकरीत एक दिवस बाहेरचं खाल्लं नाही, हे त्यांनी प्रत्येक चौदा एप्रिलला, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक नव्या सुनेला सांगितलेलं होतं. पहाटे उठून भाकरी थापून दिल्या होत्या.

"रोज?"

"रोज. पहिल्या दिवशी त्यांनी मला चव घ्यायला दिली. मग माझ्या फ्लाइशकेझच्या पावाकडे बघत बसले. डॉक्टरांनी त्यांना मांस बंद केलं होतं ना. तेव्हापासून आमची अदलाबदल. डबा भरलेला परत गेला तर बायकोला वाईट वाटेल, म्हणायचे. आणि संध्याकाळी निघताना विचारायचे, आजची भाजी कशी होती, नीट सांगा, घरी सांगावं लागतं."

वसुधाबाई ताट धरून उभ्या होत्या. रोज संध्याकाळी यशवंतराव बूट काढता काढता सांगायचे, "भाजी फक्कड होती. मीठ जरा कमी." त्यांनी कितीतरी वर्षं त्या जिभेवर भरवसा ठेवून मीठ घातलं होतं. निवृत्त झाल्यावर ते घरी जेवायला लागले आणि मिठाबद्दल एकदाही बोलले नाहीत, तेव्हा त्यांना वाटलं होतं की वयाने जीभ बोथट झाली.

"म्हणजे मीठ कमी असल्याचं तुम्ही सांगायचात?"

फ्राऊ व्हेन्त्सेल अपराधी चेहऱ्याने मान हलवून हो म्हणाल्या.

वसुधाबाईंना हसू आलं. पोटातून आलं, ताट हातात हलायला लागलं. घरी जाऊन यांना धारेवर धरायचं, अगदी आजच, बूट काढायच्या आत, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग घरी भांडायला कोणी नाही हे त्यांना आठवलं. दोन आठवड्यांत त्या पहिल्यांदा रडल्या. अनुप धावत आला.

"आई, काय झालं?"

"काही नाही रे. तुझ्या बापाने फसवलं मला. अजून फसवतोय."

त्यांनी डोळे पुसले, फ्राऊ व्हेन्त्सेलना खुर्चीवर बसवलं, ताटात भाकरी मोडून वर झुणका वाढला आणि शेजारी बसून राहिल्या. म्हातारीने पहिला घास घेतला, सावकाश चावला, विचार केला.

"खरं सांगा," वसुधाबाई म्हणाल्या.

"फार छान," फ्राऊ व्हेन्त्सेल म्हणाल्या. "मीठ जरा कमी."

वसुधाबाई उठून मीठ आणायला गेल्या.